दक्षिण साताऱ्याचे राजाभाऊ

राजा परांजपे यांचा सगळ्यात चांगला चित्रपट कोणता, हा प्रश्न आमच्या घरात चित्रपटाचा कधी राहिलाच नाही. तो जिल्ह्याचा होऊन बसला. थोरले काका, म्हणजे तात्या, साताऱ्याला आणि माझे वडील आण्णा सांगलीला. मे महिन्यात नाहीतर गणपतीत दोन्ही घरं एकत्र येत. जेवणं उरकून अडकित्ता फिरायला लागला, की कुणीतरी ‘लाखाची गोष्ट’चं नाव काढी आणि बायका भांडी आवरायच्या निमित्तानं आत जात.

‘लाखाची गोष्ट’ हा तात्यांचा पक्ष. १९५२ सालचा चित्रपट. दोन कफल्लक मित्र, हातात लाख रुपये, आणि ठरल्या मुदतीत ते उधळून दाखवायची अट. तात्यांनी उभ्या जन्मात रुपया उधळला नव्हता. साताऱ्याहून येताना कंदी पेढेसुद्धा ते माणशी हिशेब करून आणत. अशा माणसाला उधळपट्टीची गोष्ट जगात श्रेष्ठ वाटावी याचं मला लहानपणी नवल वाटे. आता वाटतं, वाट्याला आलेली सगळी चैन त्यांनी त्या एका खेळातच उरकून घेतली असावी. पण तात्या हे कारण कशाला देतील? त्यांचं म्हणणं, नायक राजा गोसावी खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा, विषय संपला. हा चित्रपट पुण्यात भानुविलासला लागला तेव्हा पडद्यावरचा नायकच बाहेर खिडकीत बसून तिकिटं विकत होता, ही हकिकत ते दर वर्षी नव्यानं सांगत, आणि सांगताना असे ताठ बसत, जणू तिकीट फाडण्याची कला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीच जन्माला आली.

आण्णा ‘जगाच्या पाठीवर’चे. त्यात राजाभाऊ स्वतःच नायक, आणि सीमा आंधळी मुलगी; चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ ज्यांनी पाहिला त्यांना कुठून काय आलं ते कळे, आणि कळूनही त्यांचे डोळे भरून येत. आण्णांना मात्र चित्रपट धड आठवत नसे. त्यांना आठवत गाणी. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. ‘मग पुढं त्या मुलीचं काय होतं?’ असं विचारलं तर ‘ते एवढं महत्त्वाचं नाही’ म्हणून ते डोळे मिटून घेत आणि तुरुंगातल्या गाण्याची एक ओळ गुणगुणत. मला वाटतं, चित्रपटाचा असा निस्सीम भक्त विरळाच, ज्याला कथेची अडचण वाटते.

आण्णांचा दावा अर्थात भूगोलाचा होता. राजाभाऊ १९१० साली जन्मले ते मिरजेत. गदिमा आटपाडीकडच्या शेटफळ्याचे. दोघंही सांगली जिल्ह्याचे. मग सातारकरांनी बोलायचं कशाला? फडके कोल्हापूरचे, ही आठवण कोल्हापूरचे आत्तोबा हळूच करून देत. पण त्यांना या सभेत मताचा अधिकार नव्हता.

यावर एका वर्षी तात्यांनी जो डाव टाकला, तो आमच्या घराण्याच्या इतिहासात अजून गाजतो आहे. त्यांनी शांतपणे सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, “१९५२ साली मिरज कुठल्या जिल्ह्यात होतं रे?” आण्णा गप्प. कारण १९४९ साली संस्थानं विलीन होऊन हा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव मिळालं १९६० साली. म्हणजे ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊन पाऊस’ हे सगळे दक्षिण साताऱ्याच्या माणसाचे चित्रपट. शिवाय गदिमा शिकले औंधाला, आणि औंध आजही साताऱ्यात! आण्णांकडे उरला तो एकटा ‘जगाच्या पाठीवर’, तोही त्या १९६० सालातलाच, म्हणजे काठावरचा. दोन भाऊ एका दिग्दर्शकाची अशी वाटणी करत होते, की बांधावरच्या आंब्यासाठी कुणी एवढं भांडलं नसेल.

शेवटी आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “१९१० साली मिरज हे संस्थान होतं. मिरज थोरली पाती. राजाभाऊ ना तुझे, ना ह्याचे.” आणि पुन्हा वर्तमानपत्र वर.

आत्याचं मत या भांडणाच्या बाहेरचं होतं. तिनं ‘पेडगावचे शहाणे’ जत्रेतल्या तंबूत पाहिला होता, तोही पडद्याच्या मागच्या अंगाला बसून. तिकडून सगळंच उलटं दिसतं. त्यामुळे राजा परांजपे डावखुरे होते, अशी तिची कायमची समजूत, आणि डावखुऱ्या माणसानं इतकं सफाईनं काम करावं याचं तिला वेगळंच कौतुक. तिचा गैरसमज दूर करावा असं कुणाला वाटलं नाही. राजाभाऊंना जवळून पाहिलेलं आमच्यात तेवढं एकच माणूस होतं, मागून का असेना.

‘ऊन पाऊस’वर मात्र कधी वाद झाला नाही. १९५४चा तो चित्रपट चांगला आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. आणि एकदा मान्य केल्यावर तो विषय पानावरच्या मिठासारखा तिथंच राहून जाई. शाळामास्तर आणि त्याची बायको, मुलं मोठी होतात, आणि म्हातारपणी आईबाप मुलांमध्ये वाटले जातात, अशी ती कथा. फार पुढं ‘बागबान’ आला तेव्हा जुन्या प्रेक्षकांना तीच आठवली. आमच्या घरात ती आठवायला चित्रपट लागत नव्हता. आजोबा साताऱ्याला तात्यांकडे असत आणि आजी सांगलीला आमच्याकडे. यात कुणाचा दोष नव्हता. तात्यांची जागा लहान, आमच्याकडे आईची नोकरी आणि आम्ही पोरं. सोयीचं म्हणून ठरलं आणि तसंच चालू राहिलं. थोरली पाती, धाकटी पाती.

आजोबा पोस्टकार्ड लिहीत. कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणीही वाचणार. तेव्हा त्यात लिहिणार काय? ते चित्रपटांबद्दल लिहीत. साताऱ्यात लागलेला चित्रपट काही आठवड्यांनी सांगलीला येई, तोवर आजीला सूचना पोचलेली असे. १९६४ साली ‘पाठलाग’ आला. बायको गेली असं मानून बसलेला वकील, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात हुबेहूब तिच्यासारखी बाई. कार्डावर आजोबांचं अक्षर: चित्रपट उत्तम आहे, शेजारणींबरोबर जाऊन यावं, शेवट सांगत नाही. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ काढला आणि देशभर बरेलीच्या बाजारातला झुमका गाजला, तेव्हाचं कार्ड त्रोटक होतं: तोच आहे, पैसे घालवू नयेत.

‘ऊन पाऊस’ साताऱ्यात पुन्हा लागला तेव्हाही आजोबा एकटेच जाऊन आले, हे तात्यांनी पुढं सांगितलं. त्या आठवड्याच्या कार्डात चित्रपटाचं नाव नाही. आल्याचा भाव आहे. आजीनं उलट टपाली हळदीचा कळवला.

एकदा चुलत बहिणीनं वाती वळत बसलेल्या आजीला विचारलं, “आजी, तुझं मत कुणाला?” कीर्तनातसुद्धा डुलकी काढणाऱ्या आजीनं मान वर न करता सांगितलं, “पाठलाग.”

“तो का गं?”

“शेवट ठाऊक नव्हता मला.”

“मी कळवला नव्हता,” वर्तमानपत्रामागून आजोबा म्हणाले.

तात्यांनी तत्काळ हे मत साताऱ्याच्या खात्यात धरलं, कारण कार्डावर शिक्का साताऱ्याचा होता. आण्णा म्हणाले, बघितला तर सांगलीत ना? तो निकाल अजून लागायचा आहे.

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. आण्णा ऐंशीच्या पुढं गेले. परवा पुण्याहून पुतण्या आला होता. त्यानं मोबाइलवर ‘लाखाची गोष्ट’ लावला आणि मध्येच थांबवून अगदी मनापासून विचारलं, “आबा, एक लाख खर्चायला यांना इतकं जड का जातंय? माझा फ्लॅटचा हप्ता आणि पोरीची फी धरली तर वीस तारखेला खेळ खलास.”

मला वाटलं, आता आण्णा खूश होतील. त्यांच्या प्रतिपक्षाचा बुरूज नातवानं परस्पर पाडला होता. पण ते उसळलेच. मग बराच वेळ ते ‘लाखाची गोष्ट’ची बाजू लढवत होते, भानुविलासच्या तिकीटखिडकीसकट, एकही मुद्दा न गाळता.

“अरे, साताऱ्याचा माणूस तो,” शेवटी धाप लागून ते म्हणाले, “हातून पैसा सुटायला वेळ लागणारच.”