कुळ घ्या, कुळ!

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं की. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1696 साली ते ठरवूनच दिलं. ढालीवरचं कुलचिन्ह सरकारात नोंदवा, माणशी वीस लिव्हर मोजा.

लढाईला पैसा हवा होता, दुसरं काय! ज्या वकील-व्यापाऱ्यांकडे चिन्हच नव्हतं, त्यांतल्या कित्येकांना कचेरीने परस्पर एकेक काढून दिलं.

आणि बिलही.

आता कॅलिफोर्नियाला चला. 1966 साली बर्कलीत मध्ययुग खेळणाऱ्यांची एक संस्था निघाली. सभासदाने जुनं नाव घ्यायचं, ढाल रंगवायची. नाव अस्सल मध्ययुगीन फ्रेंच हवं? मग त्या काळच्या कागदातून दाखला आणा. मात्र कुणा नामवंताचं नाव उचलायचं नाही. थोडक्यात, दाखला खरा, माणूस खोटा.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

आणि हे अस्सल फ्रेंच नाव असतं तरी कसं? पॅरिसची 1292 सालची करवसुलीची वही उघडा. ज्याँ, गियोम, पिएर. पान उलटा, पुन्हा ज्याँ. हौशी माणसाला हा ज्याँ चालत नाही. कर भरणारा पूर्वज कुणाला हवा असतो?

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये ही भानगडच नाही. रुळांच्या पलीकडे टी. नगर, अलीकडे आपले तंजावरी मराठी राव. पुष्कळांचं आडनाव वाटेत कुठेतरी गळालं. मागे राव, पुढे एकदोन आद्याक्षरं. त्यातलं एखादं गावाचं, एखादं वडिलांचं. सर टी. माधवरावांचा 'टी' म्हणजे तंजावर. गृहस्थ कुंभकोणमचे, जन्म 1828 चा. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. ढालीवाचून काही अडलं?

अडलं ते राजेलोकांचं. 1877 च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना विलायती थाटाची निशाणं वाटली. शिंदे, होळकर, गायकवाड सगळे रांगेत. या घराण्यांची खूण कुणी ठरवावी? बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या साहेबाने! शंभर वर्षं घोडे दौडवले यांनी, चित्र काढलं त्याने. निशाणाच्या पितळी दांड्या इतक्या जड, की एकेक उचलायला दोन-दोन धिप्पाड हायलँडर लागायचे. हे रडगाणं खुद्द लिटनचं.

राज्यं हलकी झाली होती, निशाणं जड.

त्याच दरबारात बडोद्याचे सयाजीराव होते. दोनच वर्षांपूर्वी कवळाण्याहून दत्तक आलेला, शेतकरी घरातला पोर. शेजारी दिवाण माधवराव. पोराला निशाण मिळालं, दिवाणाला 'राजा' हा किताब. किताब राजाचा, नोकरी दिवाणाची. कुंभकोणमच्या माणसाने हसू कसं आवरलं असेल?

तंजावरच्या सरफोजींना तर कापड पुरलं नाही, कागदही नाही. 1799 च्या तहात राज्याचा कारभार कंपनीने नेला. हातात किल्ला आणि आसपासचा भाग. 1803 साली महाराजांनी भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरून घेतला. मराठीत, लांबच लांब. स्वतः दत्तक, गादीवरचा हक्क चुलत्याने आधी बळकावलेला. तेव्हा कोरणाऱ्याला घाई का होती, हे विचारायला नको. कंपनीने बाकीचा सगळा मुलूख नेला.

भिंत मात्र नेता आली नाही.

मग आपल्याकडे खूण नव्हतीच की काय? मराठ्यांच्या लग्नात देवक बसवतात तेव्हा जाऊन बघा. कळंब, उंबर, पंचपल्लव, मोरपीस. सिंह नाही, गरुड नाही, एकशिंगी घोडा तर नाहीच. झाडाची डहाळी आणायची, मांडवात पुजायची. सारखं देवक निघालं की सोयरीक मोडली. इतकी कामाची खूण, आणि नोंदणी फुकट! लुई उपाशी मेला असता.

उरला प्रश्न आपल्या मांबलमच्या पोराचा. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा. व्हिसा देताना अमेरिका त्याचं नाव उचलून आडनावाच्या घरात बसवते आणि नावाच्या घरात टाकते 'एफएनयू', म्हणजे नाव ठाऊक नाही. मग बँकेत हाक येते, मिस्टर एफएनयू! त्याचा शेजारी शनिवारी पत्र्याचं चिलखत चढवून गियोम होतो, तेराव्या शतकातल्या पुराव्यानिशी. आणि ज्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजींच्या मागोमाग कावेरीकाठी आले असतील, तो सरकारदरबारी बिननावाचा.

ढाल रंगवायचीच असेल तर यानेच रंगवावी. तीन अक्षरं तयार आहेत, आणि तीही सरकारी शिक्क्यानिशी.