चर्चावाले सर

आमच्या चर्चावाल्या सरांसमोर ‘शिकवणं’ हा शब्द काढायची सोय नाही. ‘‘मी शिकवत नाही हो, मुलं शिकतात,’’ हे ते स्टाफरूममध्ये चहा फुंकत फुंकत ऐकवतात. शेजारच्या वर्गात मी अर्थशास्त्र अजूनही चक्क शिकवतो, म्हणून त्यांना माझी मनापासून कीव येते.

हे सगळं सुरू झालं एका प्रशिक्षणापासून. तीन दिवसांत ज्ञानरचनावाद आणि बटाटेवडे दोन्ही पोटभर घेऊन सर परतले, ते ‘सुलभक’ होऊनच. पहिल्याच दिवशी त्यांनी अकरावीची बाकं गोलात मांडायला काढली. ऐंशी मुलांच्या वर्गात लोखंडी बाकांचा गोल होत नाही, लांबट भोपळा होतो. त्या खडखडाटात भिंतीपलीकडे माझी मागणी आणि पुरवठा, दोन्ही कोसळली.

प्रशिक्षणात सरांना आणखी एक रत्न गवसलं होतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी 1970च्या सुमारास वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद कळ काढली, तर मुलं जास्त बोलतात आणि विचार करून बोलतात. तेव्हापासून सर प्रश्न टाकतात, हात पाठीमागे बांधतात आणि बोटं मोजतात. पण गोलात बसल्यामुळे निम्म्या वर्गाला सरांची पाठच दिसते. तिसरं बोट मिटेपर्यंत गप्प राहिलं की सर स्वतःच बोलू लागतात आणि तास संपेपर्यंत थांबत नाहीत, हा शोध मुलांनी आठवडाभरात लावला. तो बाईंच्या संशोधनात नसावा.

‘‘इथे चूक-बरोबर काही नाही, बरं का!’’ हे सरांचं पालुपद. तरी उत्तरानंतर ‘‘वा!’’ आलं, तर ते त्यांच्या खिशातल्या टिपणाशी जुळलं आणि ‘‘हं... आणखी कोणी?’’ आलं, तर नाही जुळलं, एवढा शब्दकोश वर्गाला पाठ आहे.

परवा बहिणाबाईंच्या कवितेचा तास होता. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, त्या 1951मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांची प्रस्तावना घेऊन पुस्तक आलं, हे सगळं मला भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं. अर्थात, मुलं शिकत होती आणि सर बोलत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक कधी न बोलणारा आवाज आला. ‘‘सर, म्हणजे बहिणाबाईंना स्वतःच्या कवितेचं रसग्रहण लिहिता आलं नसतं. त्या नापास झाल्या असत्या ना?’’

‘वा’ नाही, ‘हं’ नाही. मी खडू खाली ठेवला आणि दारातून डोकावलो. सर मधोमध उभे, हात सैल सुटलेले. बोटं मुलं मोजत होती. एक, दोन, तीन... सहा, सात...

‘‘मला नाही रे सांगता येत,’’ सर म्हणाले.

मग जो गलका उसळला! दहा जण एकदम तोंड उघडून भांडायला लागले. कुणी बहिणाबाईंच्या बाजूने, कुणी परीक्षेच्या. सरांना मध्ये एक शब्द घुसवता येईना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चर्चा घडत होती.

गलका ओसरला तशी पुढच्या बाकावरच्या मुलीने वही सरसावली.

‘‘सर, ‘सांगता येत नाही’ हे लिहून घ्यायचं का?’’