खूळ लागलेल्या बायकांची स्तुती

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ताईला खूळ लागलं, यावर तिच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती दुधाचे खाडे मांडायची, सिलिंडर लावल्याची तारीख टाकायची. त्याच चौकोनांत ती लाल पेनाने खुणा करू लागली. अंगातून वाफ आली की एक टिंब, रात्री जाग आली की एक फुली. एखादा शब्द ऐनवेळी आठवला नाही, तर आठवल्यावर तो कोपऱ्यात लिहायचा. जानेवारीच्या पानावर ‘किसणी’, ‘पासबुक’ आणि सख्ख्या नणंदेचं नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, “पाळी जायला आलीय, त्याचा हिशेब ठेवतेय.” दीर समोर चहा पीत बसलेले असले तरी सांगायची.

मला या खुळाची स्तुती करायची आहे. शहाणपणाची स्तुती पिढ्यान्‌पिढ्या झाली. पदराने घाम टिपावा, कुणी विचारलं तर “वय झालं” म्हणावं, रात्री तीनला जाग आली तर कूस बदलून पडून राहावं आणि सकाळी सहाला कुकर लावावा, हे ते शहाणपण. ते पाळणारीला सोशिक म्हणतात. माझ्या आजीने ते पाळलं, आईनेही पाळलं. दोघींना काय झालं होतं, हे आम्हांला कधीच कळलं नाही.

पहिलं स्तुत्य खूळ मोजण्याचं. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात ती साधारण 46-47 व्या वर्षी येते, पण खरी उलथापालथ त्याआधीच काही वर्षं सुरू होते आणि तिचं मोठं केंद्र मेंदूत असतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग शरीराचं तापमान राखतो. तिथल्या काही पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या पेशी अतिउत्साही होतात, जराशा उष्म्यालाही शरीर तापलं असं समजतात आणि भर थंडीत घाम काढतात. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात ज्यांना वारंवार वाफा येत होत्या, त्यांच्यातल्या निम्म्या जणींचा त्रास सात वर्षांहून जास्त टिकला. इतकी वर्षं चालणारी गोष्ट लिहून ठेवणं हे खूळ असेल, तर ते प्रत्येक घरात असावं.

दुसरं खूळ विचारण्याचं. आजीने शेवटी शेवटी घरच्या माणसांनाही ओळखलं नव्हतं, म्हणून ताईच्या पोटात एकच भीती होती, “मलाही तसंच होणार का?” पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता “या वयात असंच होतं” म्हणून तिची बोळवण केली. ती दुसरीकडे गेली, कालनिर्णयची चार पानं पिशवीत घालून. त्या डॉक्टरबाईंनी पानं टेबलावर ओळीने मांडली आणि फुल्यांवरून बोट फिरवत गेल्या. ज्या रात्री तीन-तीन फुल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी शब्द हरवलेला. आम्ही सगळे रोज त्या भिंतीसमोर उभे राहत होतो, पण हे कुणालाच दिसलं नव्हतं. मग थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन आणि साखर तपासली गेली.

तिच्या प्रश्नाचं उत्तरही ‘स्वान’मध्ये आहे. 2,362 स्त्रियांची स्मरणशक्ती चार वर्षं तपासली, तेव्हा पाळी जाण्याच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावलेला दिसला आणि पाळी गेल्यानंतर तो पूर्ववत झाला. किसणी न आठवणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. हे एक वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं, तर किती बायकांच्या रात्री भीतीत गेल्या नसत्या.

तिसरं खूळ हार्मोनच्या गोळ्यांबद्दल खोदून विचारण्याचं. 2002 मध्ये या गोळ्यांचा अमेरिकेतला 16,608 स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आणि जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. त्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी, त्याच प्रयोगातल्या पासष्टीपुढच्या 4,532 जणींत गोळी घेणाऱ्या 40 आणि न घेणाऱ्या 21 जणींना स्मृतिभ्रंश झाल्याचं प्रसिद्ध झालं. नंतर, पाळी नुकतीच गेलेल्या स्त्रियांवरच्या ‘कीप्स’ प्रयोगात चार वर्षांत स्मरणशक्तीला ना फायदा दिसला ना तोटा. म्हणून निव्वळ मेंदूसाठी ही गोळी घेऊ नये. पण साठीच्या आत वाफांनी झोप उडाली असेल, तर वाफांवर हा सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर वेगळा मार्ग शोधावा लागतो. वय किती, पाळी जाऊन किती वर्षं झाली, आधीचे आजार कोणते, हे तिन्ही विचारात घेतल्याशिवाय “घ्या” म्हणणंही चूक आणि “नको” म्हणणंही चूक.

चौथं खूळ नाही म्हणण्याचं, आणि त्याची गरज बीड जिल्ह्याने दाखवली. तिथल्या ऊसतोड कामगार महिलांच्या 2019 च्या पाहणीत 82,309 जणींपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहांत एक. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, पाण्याची सोय नाही, अंगावरून जातंय म्हणून गेलं की “पिशवी काढून टाका” हा सल्ला. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर तिशी-पस्तिशीतच एका दिवसात रजोनिवृत्ती येते, आणि इतक्या लवकर बीजकोश काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे. “दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि बीजकोश का काढता ते सांगा” असं म्हणणाऱ्या बाईला वस्तीत वेडी म्हणतील. तिच्या पाठीशी उभं राहणं आपलं काम आहे.

ताईची पुढची खुळंही चालूच आहेत. ती पहाटे चालायला जाते, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून व्यायाम करते, बीपी तपासते, कमी ऐकू येतं म्हणून कानाचं यंत्र लावते. रक्तदाब, साखर, बहिरेपण आणि बैठेपण या चारही गोष्टी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात आणि चारहींवर इलाज आहे.

तुमच्या घरात कुणी पंचेचाळिशी ओलांडली असेल, तर आज कालनिर्णयशेजारी एक लाल पेन दोरीने बांधून ठेवा. पहिलं टिंब पडेल त्या दिवशी “काय झालं?” असं विचारा आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.