आजोबा अग्राह्य

आदिवासींना स्वतःच्या जंगलाचे नकाशे काढायला शिकवणाऱ्यांना वेळीच आवरले पाहिजे. नकाशा ही सरकारी वस्तू आहे. ती गावाच्या हाती पडली की कारभाराची पंचाईत होते. राखीव जंगलाच्या रेघा मारताना त्यात राहणाऱ्यांचे हक्क नीट नोंदवले गेले नाहीत, हे खुद्द २००६ च्या वनहक्क कायद्याची उद्देशिकाच कबूल करते. पण ज्याने नोंद केली नाही त्यानेच नोंदीचा कागद मागायचा, ही आपली थोर प्रशासकीय परंपरा. या कायद्याच्या नियमांनी मात्र भलताच घोळ घातला. विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा, एवढेच काय, गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा ठरवला. आजोबांवर भरवसा ठेवायचा तर कार्यालयातल्या कपाटांनी काय करायचे?

त्यावर उतारा सापडला तो आकाशात. गुजरातेत उपग्रहचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेले. उपग्रहाला झाडांखालची नागली दिसत नाही, पुरलेले पूर्वज तर नाहीच नाही. पण त्याला गावकीचे राजकारणही नसते, हा त्याचा मोठा गुण. गुजरातेतल्या गावकऱ्यांनी मात्र जीपीएस यंत्र घेऊन बांधाबांधाने मोजणी केली. उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांनी बजावले. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही केवळ अशा चित्रांवर विसंबायला नकार दिला. तरी ‘आकाशवाणी’वरची श्रद्धा सहजी सुटत नाही.

गावाच्या हाती पेन्सिल दिली तर ते सगळा डोंगर ओढून घेईल, अशी भीती घातली जाते. पण शिवेला लागून दुसरे गाव असते आणि तेही जागे असते. हद्दीचा वाद झाला तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावे, असे नियमच सांगतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. राज्य बुडाले नाही. दुसरा आक्षेप खरा आहे: रेघ पक्की झाली की शेजाऱ्यांमधली जुनी सवलत आटते. त्यावर इलाज म्हणजे सामाईक चराई आणि वहिवाटीची वाटही नकाशात नोंदवणे. नकाशा कोरा ठेवणे हा इलाज नव्हे, कारण कोऱ्या जागेवर खाणीचा प्रस्ताव फार सुबक बसतो. आणि अचूकतेचीच चिंता असेल, तर मोजणीच्या साखळीचे एक टोक वनरक्षकाने धरावे, दुसरे गावकऱ्याने. अडचण एवढीच, की मग चूक निघाली तर ती एकट्या आदिवासीच्या नावावर टाकता येणार नाही.