सात डॉलरचा मासा आणि सोळा इंचांचा कायदा

प्लेनो, टेक्सास
शनिवार सकाळ (कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीपर्यंत जेवढं होईल तेवढं)

ती. आई आणि ती. अण्णा यांना शि. सा. नमस्कार.

पार्सल पोचलं. आगळाची बाटली वाटेत थोडी पाझरली, पण आईंनी तिला एकात एक पिशव्या घालून बांधलं होतं म्हणून कुळथाचं पीठ वाचलं. सांडगी मिरच्या त्याच रात्री दहीभाताबरोबर निम्म्या संपल्या. उरलेल्या मी लपवल्या आहेत आणि कुठे ते या पत्रात लिहीत नाही, कारण पत्र पोस्टात टाकायला तुमचे चिरंजीवच जाणार.

अण्णा, तुमची पुडीही मिळाली. गळ, नायलॉनची दोरी आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने लिहिलेलं ‘सुंगटा लाव, मासो गावतलो’. प्रसादने तो कागद फ्रिजवर लावलाय. लावण्याआधी मी तो जरा वेळ हातात धरून बसले होते. कागदाला आपल्या पडवीचा वास होता, सुकवलेल्या आमसुलांचा आणि तुमच्या तपकिरीचा. मग ड्रायर वाजला आणि उठावं लागलं.

आता गुरुवारच्या फोनबद्दल. नंदूने तुम्हाला कळवलं की दादा 25 डॉलरचा खोटा मासा विकत घेतो आणि तळ्यात टाकून येतो. हे शब्दशः खरं आहे. पण त्यावरून आईंनी ‘त्याची नोकरी ठीक आहे ना गो?’ असं हळूच विचारलं, तसं काही नाही. नोकरी ठीक आहे. नंदूने आधी स्वतःच्या मोटारसायकलचे हप्ते मोजावेत.

या खोट्या माशाला इथे क्रँकबेट म्हणतात. बोटाएवढा असतो. पोटाखाली आणि शेपटाशी तीन तोंडांचा एकेक गळ आणि हनुवटीला प्लास्टिकची पुढे आलेली जीभ. रीळ फिरवून ओढला की जीभ पाण्याला अडते, मासा खाली बुडी मारतो आणि कंबर हलवत चालायला लागतो. जीभ आखूड आणि चौकोनी असली तर चार-पाच फूट खाली जातो, लांब असली तर पंधरा फूट आणि त्याहूनही खोल. हे सगळं बास नावाच्या माशासाठी. त्याचं तोंड त्याच्या अंगाच्या मानाने फारच मोठं. आपल्याकडे त्याला लगेच कुणाचं तरी नाव पडलं असतं. कुणाचं ते आईंच्या लक्षात आलंच असेल.

(शिटी झाली. भात ओतून आले.)

अण्णांचा प्रश्न असा की खरी कोळंबी सोडून खोटो मासो कित्याक? मीही विचारला होता. उत्तर लेक फोर्कला गेल्यावर मिळालं. डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासावर हा जलाशय आहे, 1980 मध्ये बांध घालून केलेला, 27 हजार एकरांवर पसरलेला. पाणी भरायच्या आधी तिथलं रान मुद्दाम पुरतं तोडलं नाही. त्यामुळे आजही पाण्यातून वाळकी खोडं वर आलेली दिसतात आणि न दिसणारी त्याहून जास्त. राज्यातला सर्वांत मोठा बास, 18.18 पौंडांचा, जानेवारी 1992 मध्ये इथेच निघाला. हे मासे खोडांना धरून राहतात. क्रँकबेट खोडावर ठोकर खाऊन बाजूला उडाला की बास हावरटपणाने म्हणा, चिडून म्हणा, त्यावर तोंड टाकतो. कोळंबी बिचारी स्वस्थ लटकते. हा जाऊन धडका मारतो. धडका मारणं हेच त्याचं काम.

आणि इथेच 25 डॉलरचं गणित फिसकटतं. प्रसादने एक जपानी मासा घेतला. डोळे असे रंगवलेले की आपल्या ईशानची बारशाची अंगठी घडवणाऱ्यालाही लाज वाटावी. त्या दिवशी हा माणूस खोडांपासून हातभर लांब टाकत होता. अडकेल म्हणून. मोकळ्या पाण्यात तो सुंदर मासा दिवसभर सुंदर पोहला आणि कुठल्याही बासने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाजूच्या होडीतला म्हातारा 7 डॉलरचा प्लास्टिकचा मासा थेट लाकडात फेकत होता आणि एकामागून एक ओढत होता. शेवटी प्रसादला चेव आला, जपानी माशालाही लाकडात फेकलं, आणि तो अजून तिथेच आहे. दोन हजार रुपये, अण्णा! अख्खी सुरमई आली असती. त्या रात्री जेवताना घरात कुणी बोललं नाही. ईशानने एकदा तोंड उघडलं, मी त्याला पोळी वाढली.

तेव्हापासून या खात्याचा कारभार मी हाती घेतलाय. गमावल्यावर जेवण जाईल असा मासा घ्यायचा नाही, हा माझा नियम. पण म्हणून दोन डॉलरवालाही नको. तोही आणून पाहिला, बिननावाचा, डझनाच्या पाकिटातला. गळ गंजले, कड्या फाकल्या, रंगाचे पापुद्रे निघाले. चांगला तीन तोंडांचा गळ इथे साधारण डॉलरला एक पडतो. दोन गळ आणि दोन कड्या बदलल्या की दोनाचे पाच होतात आणि वर अर्धा रविवार जातो. त्यापेक्षा सहा ते आठ डॉलरमधले बँडिट, बॉम्बर, स्ट्राइक किंग बरे. कंपन्या इथल्या जुन्या आणि ओळखीच्या. यांची चौकोनी जिभेची प्लास्टिकची मॉडेलं लाकडातच फेकायला केलेली असतात.

दुकानात मी काय बघते ते सांगते, कारण आई, तुम्ही मला बांगडा घ्यायला शिकवलंत तेव्हा कल्ले उघडून दाखवले होते. याला कल्ले नाहीत, पण जीभ आहे. जीभ अंगासकट एकाच साच्यातून आलेली हवी. खाच पाडून चिकटवलेली पातळ जीभ पाण्यात वेगाने चालते, पण दगडावर आपटली की आधी तीच जाते. मग पोटावरची शिवण. प्लास्टिकचा मासा दोन अर्ध्या भागांचा जोडलेला असतो. जोड सुटला की आत पाणी शिरतं आणि मासा लंगडायला लागतो. वापरलेला मासा मी नारळासारखा कानाशी धरून हलवते. आत छर्‍यांचा खुळखुळ चालेल, त्या आवाजाने बास येतो म्हणतात. पाण्याचा चुळुक आवाज आला की कचऱ्यात.

लाकडी माशांत बाल्साचे सर्वांत चांगले. फार हलकं लाकूड. खोडाला लागल्यावर दोरी सैल सोडली की मासा आपोआप उलटा वर तरंगतो आणि अडकण्यातून सुटतो. थंड पाण्यात प्रसाद तेच वापरतो, त्याला माझी हरकत नाही. पण बाल्सा जपावा लागतो. रंगाला टवका उडाला की लाकूड पाणी पितं. खोटे मासे कोरण्याचा हा उद्योग मुळात गरिबीतूनच आला, हे वाचून मला बरं वाटलं. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 च्या सुमाराला बुचाचा मासा कोरला, वर चॉकलेटचा चंदेरी कागद आणि जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. इथे टेनेसीत ओक रिजच्या फ्रेड यंगने बाल्साचा गोल पोटाचा ‘बिग ओ’ हाताने कोरला, तर लोक म्हणे स्पर्धेसाठी तो भाड्याने नेत. 1970 च्या दशकात कॉटन कॉर्डेलने तोच प्लास्टिकमध्ये काढला आणि तो सगळ्यांच्या हातात गेला. अण्णा, तुम्ही माडाच्या पोयीचं काहीतरी कोरून बघाच. भाड्याने आम्ही घेऊ.

आता कायदा. बसून वाचा.

मासे पकडायला परवाना लागतो. ठीक आहे. गोड्या पाण्याचा 30 डॉलर. पण नेहमीचं परवान्याचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि 31 ऑगस्टला संपतं, तुम्ही कधीही काढा. मागे आपल्या चिरंजीवांनी जुलैत काढला. खरेदीपासून वर्षभर चालणारा वेगळा असतो, पण तो महाग म्हणून घेतला नाही. वाचवायला गेला आणि सप्टेंबरला पुन्हा रांगेत! सतरा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, त्यामुळे घरात कायदेशीर आणि फुकट असा एकटा ईशानच, आणि तो हे रोज बापाला ऐकवतो.

पण लेक फोर्कचा नियम याच्या वरताण आहे. तिथे 16 इंचांपर्यंतचा बास घरी नेता येतो. 24 इंचांचा किंवा त्याहून मोठा असेल तर दिवसाला एकच. या दोघांच्या मधला सगळा परत पाण्यात. म्हणजे बाळसेदार, भरलेला, ज्याच्यासाठी पहाटे चारला उठलो, तो सोडायचा आणि पोर घरी आणायचं. मोजायचं कसं, तर तोंड मिटून, शेपूट चिमटीत दाबून, पट्टीवर. शेपूट दाबली की लांबी थोडी वाढते. सोळाच्या आतला सोळाच्या बाहेर जातो आणि बाय बाय. सरकारी माणूस होडी अडवून पेटीतले मासे मोजून बघतो. आमच्याकडे आला होता, फार गोड बोलला, मासे मोजले, परवाना बघितला, ईशानला शाबासकी दिली. या नियमामागचं कारणही मला पटतं. मधल्या मापाचेच पुढे मोठे होतात आणि पिल्लंही देतात. पण पटणं वेगळं आणि रवा-मसाला कालवून बसलेल्या बाईच्या हातात गाडीच्या डिकीतून रिकामी बर्फपेटी येणं वेगळं.

ईशानने पकडलेला 15 इंचांचा एकदा घरी आला. तिरफळं घालून तिखलं केलं. चव वाईट नव्हती. चव नव्हतीच. ‘समुद्र नाही गं याच्यात,’ प्रसाद म्हणाला आणि काटे बाजूला ठेवत राहिला. बांगडा इथे देशी दुकानात बर्फात मिळतो, लाकडासारखा टणक, आणि आम्ही तो आणतोच.

आणखी एक सांगते, त्याला कळवू नका. तळ्यावर जाताना तो फोनवर आपल्या वेंगुर्ल्याची भरती-ओहोटी बघतो. गोड्या पाण्याचं तळं, ना भरती ना ओहोटी. तरी बघतो. ‘आज आठ वाजता भरली असेल खाडी’ असं म्हणतो आणि गाडी सुरू करतो.

आता तुमच्याकडचं. शिमग्याची पालखी यंदा आपल्या अंगणात किती वेळ थांबली? मंगलवहिनी म्हणतात थांबलीच नाही, नंदू म्हणतो अर्धा तास नाचली. दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते मला माहीत आहे. सुमनच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोटो बघितला. मुलगा चांगला आहे, मिशी तिने ठरवावी. मोहोर गळला म्हणून अण्णांनी जीव लावून घेऊ नये. आणि कुयरीची भाजी फोटो काढून पाठवू नये, हा अन्याय आहे.

ऑक्टोबरमध्ये येताय ना? अण्णांचा पाहुण्यांचा परवाना 58 डॉलर पडतो; ऐकून ते विमानात बसणार नाहीत म्हणून तोडगा काढून ठेवलाय. इथल्या स्टेट पार्कात काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. लेक तवाकोनीच्या पार्कात अण्णांना खुर्ची टाकून बसवू. तिथे कॅटफिश भरपूर, म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्याच जातीतला. कोळंबी मी सोलून देईन, खोटं काही लावायचं नाही.

येताना एक काम. तुमच्या जुन्या लुनाचे आणि पंपाचे बाद झालेले स्पार्क प्लग असतील ते आणा. मासा खोडात अडकला की दोरीवर प्लग अडकवून खाली सोडतात, तो घरंगळत जाऊन जिभेवर टोला मारतो आणि मासा सुटतो. त्यासाठी इथे शिशाचं वजन विकत मिळतं, पण जपानी मासा गेल्यापासून या घरात विकत मिळणाऱ्या वस्तूंवर माझा विश्वास नाही. कस्टमवाल्याने विचारलं तर खरं तेच सांगा, मासे पकडायला नेतोय म्हणून. तो विश्वास ठेवणार नाही, पण सोडेल.

ईशानला आणायला निघते.

तुमची सून,
वृंदा

ता. क. बाळूकाकांनी भिंत किती फूट आत घेतली ते पुन्हा लिहा. फोनवर आई सांगत होत्या तेव्हा नेमका मिक्सर चालू होता, आणि प्रसादने ऐकलेल्या आकड्यावर माझा भरवसा नाही. तो शेपूट दाबून मोजतो.