पट्टीचा माणूस

सरकारी कागदातली कोणती ओळ लोकांना दिसू नये, हे ठरवणारे वर बसतात. ती ओळ प्रत्यक्षात काळी करणारा खाली बसतो. माझा जीव जडलाय तो या खालच्यावर. वॉशिंग्टन, बगदाद, लंडन, कुठेही जा, हा असतोच. त्याचं नाव कोणी छापत नाही, म्हणून मी सगळ्यांची करणी एकाच माणसाच्या खात्यावर टाकतो. अन्याय होईल खरा, पण दुसऱ्याचं स्वतःच्या खात्यावर घेण्याची त्याला सवय आहे.

तो पन्नाशी ओलांडलेला, चष्मा कपाळावर आणि खिशात दोन काळे मार्कर. संगणक आल्यापासून मार्करांची शाई वाळली आहे, पण ते काढून ठेवायला त्याचं मन होत नाही. कागदाच्या जमान्यात तो खरोखर उस्ताद होता. ओळीवर मार्कर फिरवायचा, कागद खिडकीशी धरायचा, एखाद्या अक्षराचं शेपूट डोकावताना दिसलं की पुन्हा फिरवायचा. मग झेरॉक्स काढायचा, मूळ कागद कपाटात कुलूपबंद करायचा आणि बाहेर पाठवायचा तो झेरॉक्स. सगळी विद्या या झेरॉक्समध्ये होती. टेबलावर संगणक आला आणि नेमकी तेवढी एक पायरी गळली.

संगणकावर त्याला चौकोन सापडला. ओळीवर चौकोन काढायचा, आत काळा रंग भरायचा, झालं. ना हाताला शाई, ना खिडकीपर्यंत फेरी. पीडीएफ फाइलीत अक्षरं वेगळी नोंदलेली असतात आणि चौकोन वेगळा, हे त्याला कोणी सांगितलं नाही. चौकोन नुसता वर येऊन बसतो, खालची अक्षरं जागची हलत नाहीत. दुपारी झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर चादर ओढून दारातल्या वर्गणीवाल्या पोरांना ‘हे घरात नाहीत’ म्हणून सांगावं, इतपतच ती सोय. काळ्या पट्टीवरून माउस ओढा, कॉपी करा, कोऱ्या पानावर पेस्ट करा, की नवरा डोळे चोळत हजर.

म्हणून त्याला मूर्ख समजू नका. त्याची पट्टी जनतेसाठी नसतेच, ती साहेबासाठी असते. अमेरिकेत साहेबाला साहेब म्हणत नाहीत, पाळण्यातल्या नावानं हाक मारतात. पण घाबरतात आपल्याइतकंच. साहेब फाइल उघडतो, पानं भराभर खाली सरकवतो आणि विचारतो, “हे पान गोरं कसं?”

“त्यात काही नाही, सर. अनुक्रमणिका आहे.”

“तरी बघ एकदा.”

मग अनुक्रमणिकेतल्याही दोन ओळी काळ्या होतात. गोपनीयतेची मोजणी नजरेनं होते. जितकं काळं, तितकं काम झालेलं. पट्टीखाली काय उरलंय हे तपासायचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते काम सरकारात अस्तित्वात नाही. हे तत्त्व त्यानं शोधलेलं नाही, तो फक्त पाळतो.

त्याची सर्वांत गाजलेली कामगिरी २००९ सालची. विमानतळावर तेव्हा आपले बूट आणि पट्टे काढायला लावणारं अमेरिकेचं जे खातं आहे, ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन, त्याची तपासणीची नियमपुस्तिका मार्च महिन्यात सरकारी कंत्राटांच्या संकेतस्थळावर चढवली गेली. ९३ पानं. नाजूक मजकुरावर शिस्तीत पट्ट्या. नऊ महिने ती तिथे सुखानं नांदली. डिसेंबरात कोणीतरी माउस ओढला आणि ज्या बारा देशांच्या पारपत्रधारकांची जास्तीची झडती घ्यायची त्यांची यादी बाहेर आली. क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, सीरिया वगैरे. कोणत्या परिस्थितीत चाकाच्या खुर्च्या आणि पायदोषासाठी बनवलेले बूट स्फोटकांच्या चाचणीतून वगळता येतात तेही आलं. शिवाय सीआयएच्या माणसांची आणि संसद सदस्यांची ओळखपत्रं दिसतात कशी, याचे सचित्र नमुने. भारत त्या बारांत नव्हता. न्यूअर्कला लेकीकडे निघालेल्या आमच्या आईबापांच्या चकलीचा डबा मग कुठल्या कलमाखाली उघडतात, ते मात्र पट्टी काढूनही कळलं नाही.

मला यात सगळ्यात मोठी गंमत वाटते ती वेगळीच. ती पुस्तिका पट्ट्यांवाचून चढवली असती, तर ९३ पानांची सरकारी गद्यरचना कुठल्या माईच्या लालानं वाचली असती? कंत्राटदारसुद्धा रकमेच्या पानापर्यंत उडी मारतात. आमच्या नायकानं वाचकाची केवढी सोय केली! नेमकं महत्त्वाचं तेवढं निवडून, मोजून, काळ्या रंगात दाखवून दिलं. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडवाल्यांनी एवढं केलं असतं तर अर्धा महाराष्ट्र पहिल्या वर्गात आला असता.

पुढचं त्याला पाठ आहे. आधी फाइल खाली उतरवायची. तोवर ती दहा ठिकाणी पोचलेली असते. मग खुलासा. खात्यानं सांगितलं की ही आवृत्ती जुनी होती, ती कधी अमलातच आली नव्हती, नंतर नव्या आवृत्त्या निघाल्यात. म्हणजे अमलात न आलेली पुस्तिका काळी करण्यात त्याचे कामाचे तास गेले होते. याचं त्याला इतर कशाहून जास्त लागलं असणार. गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नॅपोलिटानो सेनेटच्या समितीपुढे उत्तरं देत होत्या आणि पाच कर्मचारी रजेवर पाठवले गेले होते. त्या पाचांत ‘हे पान गोरं कसं’ विचारणारा किती जागा अडवून होता, यावर मी पैज लावणार नाही.

चूक नवी असती तर वेगळी गोष्ट. ४ मार्च २००५ला बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात निकोला कालिपारी हा इटलीचा गुप्तचर अधिकारी मारला गेला. ओलीस ठेवलेल्या पत्रकार महिलेला सोडवून तो तिला घेऊन चालला होता. त्या मृत्यूचा अमेरिकी लष्करी अहवाल थोड्याच आठवड्यांत प्रसिद्ध झाला, तोही पट्ट्यांचा. इटलीत लोकांनी माउस ओढले आणि सैनिकांची नावं, नाक्यांची कार्यपद्धती, सगळं संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. इथे हसू येत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे जगाचे फोन ऐकणाऱ्या एनएसएनं, एक मार्गदर्शिका काढली. वर्डमधला गोपनीय मजकूर वगळून पीडीएफ कशी करावी, पायरीपायरीनं, चित्रांसह. चौकोन ठेवून मजकूर जात नाही. आधी प्रतीतला मजकूर खोडा, त्या जागी निरर्थक अक्षरं भरा, मग खुशाल काळं करा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. चार वर्षांनी तिचा मागमूस विमानतळवाल्यांच्या पुस्तिकेत दिसत नाही. मला कारण ठाऊक आहे. त्या मार्गदर्शिकेवर ‘गोपनीय’ असा शिक्का नव्हता, त्यामुळे ती वाचण्यालायक असेल अशी शंका त्याला आली नसावी.

लंडनच्या शाखेनं यात थोडी कलाकुसर केली. एप्रिल २०११मध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याचा अणुपाणबुड्यांवरचा अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर आला. यावेळी चौकोनाची गावठी रीत नव्हती. त्यानं अक्षरांमागची पार्श्वभूमीच काळी केली: काळ्यावर काळी अक्षरं. कॉपी, पेस्ट, आणि ब्रिटिश पाणबुड्यांच्या अणुभट्ट्या सुरक्षेत कुठे कमी पडतात याचं तज्ज्ञांचं मत ज्याच्या त्याच्या हाती. खात्यानं घाईनं दुसरी प्रत लावली.

आपल्याकडे ही जात फोफावली नाही, याचं श्रेय मी आपल्या पूर्वसूरींना देतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम १० सांगतं की देण्याजोगा भाग वेगळा काढून द्या, बाकीचा वगळा. म्हणजे पट्टीला कायद्याची पूर्ण मुभा. पण आपल्या कचेरीतला अनुभवी माणूस मार्करला हात लावत नाही. तो चहा मागवतो आणि लिहून देतो: ‘सदर नस्ती शोध घेऊनही आढळून येत नाही.’ या वाक्यावरून हवा तेवढा माउस ओढा.

नोकरी सुटली तरी हात शिवशिवतातच. जानेवारी २०१९मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात पॉल मॅनाफोर्टच्या वकिलांनी एक निवेदन दाखल केलं. ट्रम्प यांच्या २०१६च्या प्रचाराचा हा एकेकाळचा प्रमुख. निवेदनात पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांखाली अक्षरं जशीच्या तशी. प्रचाराची मतचाचणीची आकडेवारी त्यानं एका जुन्या रशियन सहकाऱ्याला दिल्याचा सरकारी पक्षाचा आरोप वार्ताहरांनी पेस्ट करून वाचला. वकिली फी घेणाऱ्यांकडेही आपला माणूस लागलाय, हे मला पहिल्या बातमीतच कळलं.

मग १८ एप्रिल २०१९. रशियाच्या निवडणूक-हस्तक्षेपाच्या चौकशीचा म्युलर अहवाल बाहेर पडणार, सगळं जग माउस पुसून बसलेलं. ४४८ पानं. पट्ट्या भरपूर, आणि प्रत्येकीवर वगळण्याचं कारण रंगीत अक्षरांत. लोकांनी माउस ओढला. काहीच आलं नाही. पुन्हा ओढला. न्याय खात्यानं अख्खा अहवाल छापून, पानन् पान स्कॅन करून, नुसती चित्रं चढवली होती! पट्टीखाली अक्षर नाही आणि पट्टीबाहेरही नाही. ४४८ पानांत एक शब्द शोधायचा तर सापडेना, दृष्टिहीनांना वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं मुकी झाली, आणि वृत्तसंस्था त्या चित्रांतून पुन्हा अक्षरं काढत बसल्या. तंत्रज्ञ मंडळी संतापली: २०१९ साली कोणी असं करतं का?

करतं. झेरॉक्सची पायरी परत आली होती. नवे मार्कर मागवले असणार, डझनभर.