हाफ इंग्लिश, फुल बिर्याणी

ब्रिटिश संगीताच्या इतिहासातली सर्वात स्वस्त लाच म्हणजे एक मश्रूम बिर्याणी. १९८३ साली बीबीसी रेडिओ वनचा निवेदक जॉन पील चालू कार्यक्रमात बोलून गेला की भूक लागली आहे. बिली ब्रॅग नावाच्या पंचविशीतल्या गायकाने ते ऐकलं, बिर्याणी बांधून घेतली, बगलेत आपली पहिली तबकडी मारली आणि थेट बीबीसीचं दार गाठलं. पीलने गाणं लावलं. चुकीच्या वेगाने लावलं, कारण ही थाळीएवढी तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांची होती आणि एवढ्या मोठ्या तबकड्या सहसा ३३ फेऱ्यांच्या असतात. बिर्याणी नसती तरी गाणं लावलंच असतं, असं पील पुढे ठासून सांगत राहिला. लाच घेणारे जगभर हेच सांगतात.

(बिर्याणीत मश्रूम घालून खाणाऱ्या माणसाला मी इंग्रज मानायला तयार आहे. त्याच्याकडे पासपोर्ट मागायची गरज नाही.)

ब्रॅग पूर्व लंडनच्या कडेच्या बार्किंगचा. बिर्याणीच्या आधी, १९८१ साली हा गडी ब्रिटिश लष्करात भरती झाला होता. तीन महिने प्रशिक्षण घेतलं, रणगाडे चालवायचे बेत झाले आणि मग १७५ पौंड भरून त्याने स्वतःला सोडवून घेतलं. तेव्हापासून चाळीस वर्षं तो देशप्रेमावर गातो आहे, लिहितो आहे, भांडतो आहे. लष्करातून सुटका १७५ पौंडांत होते. देशप्रेमातून सुटायचा दर कोणी अजून जाहीर केलेला नाही.

२००२ साली त्याचा ‘इंग्लंड, हाफ इंग्लिश’ हा आल्बम आला. नाव उसनं आहे. कॉलिन मॅकिनेस या लेखकाचा त्याच नावाचा लेखसंग्रह १९६१ सालचा. टॉमी स्टीलसारखी लंडनची पोरं अमेरिकन उच्चारात गातात, म्हणजे गाताना अर्धीच इंग्रज उरतात, हा मॅकिनेसचा विषय. ब्रॅगवर हा आरोप करता येत नाही. तो असा काही ठसठशीत बार्किंगी उच्चारात गातो की पुष्कळ इंग्रजांनाही शब्द हातात घेऊन ऐकावं लागतं. गंमत पुढे आहे. हा मॅकिनेस आईकडून रुडयार्ड किपलिंगच्या नात्यातला. त्याची पणजी ही किपलिंगची सख्खी मावशी. आणि साम्राज्याचा हा भाट जन्मला कुठे, तर आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, क्रॉफर्ड मार्केटपासून हाकेच्या अंतरावर. डाव्या मंडळींत किपलिंगचं नाव काढलं की पंगतीतून उठावं लागतं. ब्रॅगने मात्र १९९६ साली त्याची एक कविता चाल लावून गायली होती. त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी.

आल्बमच्या शीर्षकगीतात इंग्रजपणाची झडती आहे. शेजारी कोण, न्याहारीला काय, आठवड्यातून कितीदा करी, अशी चौकशी करत गाणं थेट संत जॉर्जच्या जन्मगावापर्यंत जातं. मुद्देमाल बहुतांशी पक्का आहे. इंग्लंडचा हा रक्षक संत परंपरेनुसार कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याने इंग्लंडमध्ये पाऊल टाकल्याचा पुरावा नाही. आज टाकायला गेला तर किनाऱ्यावरच अडवतील. फुटबॉलच्या अंगरख्यावरचे ते तीन सिंह फ्रेंच बोलणाऱ्या राजांनी आणलेले. त्यांतल्या ‘सिंहहृदयी’ रिचर्डने दहा वर्षं राज्य केलं आणि त्यांतले जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये काढले. अनिवासी इंग्रज!

गाण्यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकही माणूस त्याने बदलला असेल असं मला वाटत नाही. कारण हा युक्तिवाद स्वयंपाकघरातून निघतो आणि जेवणाच्या टेबलाशी संपतो. आल्बमच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २००१ मध्ये, परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक आडनावाला जागले आणि चिकन टिक्का मसाला ही ब्रिटनची खरी राष्ट्रीय डिश असल्याचं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शुक्रवारी रात्री चार ग्लास बिअर रिचवून ‘इंडियन’ खायला जाणाऱ्याला हे आधीच मान्य होतं. तिथला मालक बहुधा सिल्हेटचा बांगलादेशी असतो, हेही त्याला मान्य होतं, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं. करीला व्हिसा लागत नाही. करी करणाऱ्याला लागतो.

२०१६ साली ब्रेक्झिटच्या प्रचारात प्रीती पटेल यांनी नेमकी हीच जागा पकडली. युरोपातून बाहेर पडा, म्हणजे दक्षिण आशियातून आचारी आणता येतील आणि आपली करी हाउसं वाचतील, असा त्यांचा प्रचार. कित्येक मालकांनी विश्वास ठेवला. पुढे त्यांतल्या अनेकांनी फसवणुकीची ओरड केली, आणि २०१९ साली पटेलबाई गृहमंत्री झाल्या तेव्हा व्हिसाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. ब्रॅगने या प्रकरणावर दुसरं कडवं लिहायला हवं होतं. पहिल्या कडव्यात जेवण, दुसऱ्यात बिल.

हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट निदान सरळ होते. १९९० साली त्यांनी क्रिकेटची कसोटी सांगितली: स्थलांतरितांनो, सामन्यात टाळ्या कोणासाठी वाजवता ते बघू. ही कसोटी वाईट आहे, पण तिला कसोटी म्हणता येतं. टिक्का मसाल्याच्या कसोटीत सगळेच पास होतात, दगड मारणारासुद्धा.

आता स्मरणरंजनाकडे येऊ, कारण या आल्बमची खरी लढाई तिथे आहे. १९९३ साली पंतप्रधान जॉन मेजर यांनी देशाला दिलासा दिला की पन्नास वर्षांनीही ब्रिटन ब्रिटनच राहील. पुरावा म्हणून काउंटी क्रिकेटच्या मैदानावरच्या लांब सावल्या, कोमट बिअर आणि सकाळच्या धुक्यातून सायकलवर चर्चला निघालेल्या प्रौढ कुमारिका. यातल्या सायकलवाल्या बायका जॉर्ज ऑर्वेलच्या १९४१ सालच्या लेखनातून उचललेल्या. लंडनवर बॉम्ब पडत असताना ऑर्वेलने ते लिहिलं, आणि पुढे त्याच पुस्तकात समाजवादी क्रांतीची मागणी केली. मेजरसाहेबांनी सायकली घेतल्या, क्रांती तिथेच ठेवली. शिवाय हा ऑर्वेल बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेला. इंग्लंडबद्दल हुरहुर वाटायची असेल तर जन्म आमच्याकडे घ्यावा लागतो, असा काही तरी नियम दिसतो.

ब्रॅगचंही ऑर्वेलवर प्रेम. म्हणजे सनातनी आणि समाजवादी दोघांच्या भिंतीवर तसबीर एकच. चौकट तेवढी वेगळी. ब्रॅगच्या तसबिरीत सायकलवरच्या बाईऐवजी कामगार आहे: डॉर्सेटमधल्या टॉलपडलचे शेतमजूर, ज्यांना संघटना बांधली म्हणून १८३४ साली ऑस्ट्रेलियाला धाडलं, लंडनच्या केबल स्ट्रीटवर १९३६ साली फॅसिस्टांचा मोर्चा अडवणारे लोक, कवी विल्यम ब्लेक. याच आल्बममध्ये ‘सेंट मंडे’ नावाचं गाणं आहे. जुन्या काळी कारागीर रविवारची उतरली नाही की सोमवारही संताचा वार ठरवून घरी बसत, त्या प्रथेवरून हे नाव आलं. ही आठवण मला मेजरच्या धुक्यापेक्षा कितीतरी जवळची. पण हुरहुर ती हुरहुरच. सगळे टॉलपडलवाले पुतळ्यासारखे ताठ, कोणाला दाढदुखी नाही, कोणी बायकोवर खेकसत नाही. आणि मिश्र, गजबजलेल्या बार्किंगची थोरवी गाणारा गायक तेव्हा डॉर्सेटच्या रम्य किनाऱ्यावर राहायला गेला होता. मूळ गाव सोडल्याशिवाय मुळं सापडत नाहीत.

(मराठी वाचकाला यातलं काही ओळखीचं वाटलं तर तो त्याचा प्रश्न. मला पुढच्या आठवड्यातही सदर लिहायचं आहे.)

आल्बममधलं चांगलं गाणं शीर्षकगीत नाही. ते ‘टेक डाउन द युनियन जॅक’. २००२ हे राणी एलिझाबेथच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्ष. देशभर झेंड्यांच्या माळा चढत असताना ब्रॅगने झेंडा उतरवायचं गाणं बाजारात आणलं. ते एकेरी गाण्यांच्या यादीत २२व्या क्रमांकावर गेलं आणि ‘टॉप ऑफ द पॉप्स’वरही वाजलं. यात न्याहारी नाही, करी नाही. ब्रिटन हा जुना डोलारा आवरा आणि इंग्लंड म्हणजे काय ते एकदा स्वतःचं स्वतः ठरवा, असा त्याचा रोख. रोखठोक राजकारण. त्याच वर्षी जून महिन्यात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर ब्रायन मेने गिटारवर राष्ट्रगीत वाजवलं. तो ज्या ‘क्वीन’ बँडचा, त्याचा दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारला जन्मलेला पारशी आणि शिकला आपल्या पाचगणीत. झेंडा न उतरवताही हाफ इंग्लिशचं काम गच्चीवर आपोआप उरकलं.

झेंड्यावरून आठवलं. १९६६च्या विश्वचषक अंतिम सामन्याची चित्रफीत बघा. वेम्ब्लीवर इंग्लंडचे प्रेक्षक युनियन जॅक फडकवताहेत. संत जॉर्जचा लाल क्रूस शोधावा लागतो. त्या क्रुसाचं पीक आलं १९९६च्या युरो स्पर्धेत. हजार वर्षांची अस्मिता सहा वर्षांची असताना ब्रॅगने आल्बम काढला.

मे २००६ मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे १२ नगरसेवक ब्रॅगच्याच बार्किंग-डॅगनममध्ये निवडून आले आणि तो पक्ष तिथला प्रमुख विरोधी पक्ष झाला. ब्रॅगने त्याच वर्षी ‘द प्रोग्रेसिव्ह पेट्रियट’ हे पुस्तक लिहिलं: देशप्रेम त्यांना आंदण देऊ नका, आपण घ्या. २०१०च्या निवडणुकीत ते बाराच्या बारा पडले. श्रेय पुस्तकापेक्षा दारोदार बेल वाजवत फिरलेल्या कार्यकर्त्यांना द्यावं लागेल. ब्रॅगही तिथे प्रचाराला गेला होता आणि गाण्यापेक्षा त्या फेऱ्या मला मोलाच्या वाटतात.

मधल्या काळात, २००७ साली, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल नूतनीकरणानंतर उघडला, आणि बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतल्या आनंदगीताला ब्रॅगने इंग्रजी शब्द लिहिले. कार्यक्रमाला राणी हजर होती. पाचच वर्षांपूर्वी झेंडा उतरवायला निघालेला हा माणूस राणीला जाऊन भेटला. आईच्या नजरेत भाव वधारावा म्हणून. आईचं मूळ इटलीतलं. राणीचं घराणं जर्मन, पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, लोक बोलू लागले म्हणून विंडसर हे नाव घेतलेलं. नवरा ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर जन्मलेला. चाल जर्मन, आणि तीच युरोपीय संघाचं अधिकृत गीत. टाळ्या मात्र अस्सल इंग्रज, मोजून मापून. नऊ वर्षांनी त्या संघात राहायचं का, असं विचारलं तेव्हा बार्किंग-डॅगनममधल्या ६२ टक्के मतदारांनी नाही म्हटलं.